दुसऱ्या दिवशीचा तास

शनिवारी शाळा सुटली की आमच्या शिक्षकखोलीत आसपासच्या शाळांतले आठ-दहा गणिताचे शिक्षक जमायचे. तिथे यायची अट एकच: येताना आपला फसलेला तास घेऊन यायचा. छान झालेल्या तासाचं कौतुक घरी जाऊन करा, इथे त्याला चहासुद्धा मिळणार नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

ही बैठक माझी. म्हणजे कल्पना माझी, किटली माझी आणि काही बिनसलं तर बोलणीही मीच खायची. वरून येणारी प्रशिक्षणं मी वीसेक वर्षं सोसली होती. शेवटचा खडू कधी हातात धरला ते ज्यांना आठवत नाही अशी माणसं येतात, खडू कसा धरायचा ते आम्हाला सांगतात, आणि आम्ही माना डोलावत वहीच्या कडेला वेलबुट्टी काढतो. त्यातून कुणी शहाणं झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. पण एखादी बाई हळूच म्हणाली, 'आज मुलांसमोर माझी बोबडी वळली,' की सगळ्यांचे कान टवकारतात. बोबडी सगळ्यांचीच वळलेली असते, फक्त आधी कोणी कबूल करायचं हा प्रश्न असतो.

म्हणून आमचा दुसरा नियम: ज्याचा तास, त्याने आधी बोलायचं. तो माणूस समोर नसेल तर त्याच्या तासाबद्दल कुठेही अवाक्षर काढायचं नाही.

आमच्याच शाळेतले कंपाससर या बैठकीला यायला दोन वर्षं लागली. फळ्यावर नुसत्या हाताने असं वर्तुळ काढतात की कंपासने लाजावं, म्हणून हे नाव. निवृत्तीला टेकलेले आणि मानी. पहिल्यांदा आले तेव्हा आधी चहा संपवला. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "उभा जन्म शिकवलेली सिद्धता काल अर्ध्यावर विसरलो. मुलांना म्हटलं, उरलेली घरून करून आणा." कोणी हसलं नाही. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी त्यांचा कप पुन्हा भरला. त्या दिवसापासून ही बैठक मला घराइतकीच प्यारी झाली, आणि खरं सांगायचं तर काही आठवड्यांत घरापेक्षाही.

आता बारकी. बारकी माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती नववीत होती आणि गणितात सणसणीत नापास झाली होती. सासूबाईंनी कपाटाच्या किल्ल्यांच्या आधी तिचं गणिताचं पुस्तक माझ्या हातात दिलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजी चिरता चिरता, मी तिला बीजगणित शिकवलं. ती रडायची, मी ओरडायचे, मग दोघी हसायचो. तीच बारकी पुढे गणितात पहिली आली, प्राध्यापक झाली आणि 'गणिताचं अध्यापन' या विषयात संशोधन करू लागली. मुलांनी स्वतःची अनपेक्षित रीत काढली तर शिक्षक काय करतात, हा तिच्या पीएचडीचा विषय. मी शाळेत ज्याला त्याला सांगत सुटले होते की ही माझी नणंद. माझी छाती तेव्हा दाराच्या चौकटीत मावत नव्हती.

एका शनिवारी बारकी बैठकीला आली आणि आमच्या तासांचं चित्रीकरण करू द्याल का, असं विचारलं. कॅमेरा म्हणजे काय ते सगळे ओळखून होते.

"चेहरे दिसणार नाहीत," बारकी म्हणाली. "आणि तुमचा नियम मलाही लागू. विचारल्याशिवाय कुठेही दाखवणार नाही."

तरी कोणी हूं की चूं करेना. तेव्हा मीच म्हणाले, "तिची हमी माझी. काही वावगं झालं तर माझा कान धरा."

कंपाससरांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही म्हणता म्हणून दार उघडतो. तुमच्या नणंदेला मी ओळखत नाही, तुम्हाला ओळखतो."

आणि असं सगळ्यांनी एकेक करून दार उघडलं. बारकी महिनोन्महिने मागच्या बाकावर कॅमेरा लावून बसू लागली. मुलंही तिला सरावली.

माझा तास फसला तो अपूर्णांकांच्या भागाकाराचा. फळ्यावर ८/१५ ÷ २/३ होतं. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा, हे मी चारदा सांगून झालं होतं. दुसऱ्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी उठली. तिने सरळ आठला दोनने भागलं, पंधराला तीनने भागलं, आणि उत्तर सांगितलं ४/५.

उत्तर बरोबर होतं. पण माझ्या डोक्यात आली ती फक्त भीती. अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने भागायचं, असं मला कोणी शिकवलं नव्हतं, मी कोणाला शिकवलं नव्हतं, आणि मागे कॅमेरा चालू होता. मी म्हणाले, "योगायोगाने आलं. दरवेळी नाही येणार. बस खाली." ती बसली. तिची मान खाली गेली ती घंटा होईपर्यंत वर आली नाही.

घरी आल्यावर मी कागद घेऊन बसले आणि दोन ओळींत कपाळावर हात मारला. तिची रीत दरवेळी बरोबर येते. फक्त आकडे नीट भागले जात नसले की अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक येतो, म्हणून पुस्तकं त्या वाटेला जात नाहीत. एवढंच!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि पुस्तक उघडण्याआधी म्हणाले, "काल मी चुकले. तुमच्या मैत्रिणीची रीत योगायोग नव्हती. आज आपण ती मोडायचा प्रयत्न करू, बघू मोडते का." मुलांना काय, बाईंची चूक म्हणजे मेजवानी! एकाने मुद्दाम त्रासदायक गणित दिलं: ३/४ ÷ २/५. तीनला दोनने भाग जाईना, चारला पाचने जाईना. वर्ग म्हणाला, मोडली. तेव्हा ती वेण्यांची मुलगी फळ्यापाशी आली. म्हणाली, "बाई, ३/४ ला ३०/४० केलं तर? किंमत तीच राहते." मग तीस भागिले दोन, चाळीस भागिले पाच. १५/८. उलटा करून गुणलं तरी १५/८. वर्गाने बाकं वाजवली, शेजारच्या वर्गातून कंपाससर धावत आले की काय झालं म्हणून.

तास संपला तेव्हा बारकीचे डोळे भरलेले होते. कॅमेरा आवरता आवरता तिने माझा हात धरला. "वहिनी, असा तास मी आजवर पाहिला नाही गं." 

त्या शनिवारी मी बैठकीत दोन्ही दिवस सांगितले, आधी चूक, मग परत जाणं. कंपाससर म्हणाले, "पहिल्या दिवशी सगळेच पडतात बाई, दुसऱ्या दिवशी वर्गात जायला छाती लागते." ते मी मनात जपून ठेवलं.

साधारण वर्षाने मोठ्या प्रशिक्षणाचं पत्र आलं, सगळ्या भागातल्या गणित शिक्षकांसाठी. मार्गदर्शन करणार होती बारकी. आमच्या शाळेची पाळी खरं तर दुसऱ्या तुकडीत होती, पण परीक्षा मध्ये आल्याने मला आणि कंपाससरांना पहिल्याच तुकडीत पाठवलं. मी बारकीला मुद्दामच कळवलं नाही. म्हटलं, समोर बसून तिला चकित करू.

सभागृहात सहा-सहा जणांची टेबलं, प्रत्येकावर मोठा पांढरा कागद आणि रंगीत स्केचपेनं. आमचं टेबल पार मागे. आम्हा दोघांखेरीज चार अनोळखी शिक्षक होते, त्यांच्यात एक टायवाले सर, सतत विनोद करणारे. पहिल्या रांगेत बारकीचे मार्गदर्शक बसले होते, ज्यांच्या एका सहीवर तिची पीएचडी अडली होती. बारकी छान दिसत होती. बोलतही छान होती. मला मनातल्या मनात टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर एक फळा आला. डाव्या कोपऱ्यात तुटलेला, त्यावर चिकटपट्टी. ती पट्टी मीच लावली होती.

बाईचा चेहरा पुसट केला होता. आवाज मात्र जसाच्या तसा. "योगायोगाने आलं. दरवेळी नाही येणार. बस खाली." आणि चित्र थांबलं, वेण्यांची मान खाली जाताना.

सभागृह हसलं. फिदीफिदी नाही, पण आपण यातले नाही अशा खात्रीने माणसं हसतात तसं. टायवाले सर म्हणाले, "घ्या! योगायोगबाई!" आमचं टेबल हसलं, पुढच्या टेबलाने ते ऐकलं, आणि नाव पुढे पुढे गेलं. कंपाससर हसले नाहीत. त्यांनी आवाज ओळखला होता. ते टेबलाकडे बघत राहिले.

"आता प्रत्येक गटाने या शिक्षिकेच्या तीन चुका कागदावर लिहायच्या," बारकी पुढून म्हणाली.

"बाई, तुम्ही लिहा, तुमचं अक्षर मोत्यासारखं असणार," म्हणून टायवाल्या सरांनी स्केचपेन माझ्या हातात कोंबलं. मी लिहू लागले. पहिली चूक: मुलीची रीत तपासून पाहिली नाही. खरं होतं, लिहिलं. दुसरी: बरोबर उत्तराला योगायोग म्हटलं. तेही खरं. तेही लिहिलं. स्वतःचं कपाळ स्वतःच्या हाताने रंगवत होते म्हणा ना.

तेवढ्यात बारकी म्हणाली, "एक लक्षात घ्या. ही शिक्षिका या प्रश्नाकडे पुन्हा कधीच वळली नाही."

"ही तिसरी!" टायवाले सर म्हणाले. "लिहा बाई, परत वळली नाही."

माझं पेन कागदावर टेकलं ते तिथेच राहिलं. शाई पसरून भलामोठा ठिपका झाला. चूक दाखवली याचा मला राग आला नसता, शप्पथ. विचारलं असतं तर मी स्वतः उभी राहून सांगितलं असतं. पण माझ्या उभ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तास तिने कापून फेकला होता, आणि तो फेकताना तिला तो किती चांगला आहे हे पुरतं माहीत होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

चहाच्या सुटीत मी तिला जिन्यापाशी गाठलं. मला बघून तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"वहिनी? शाळेची तुकडी तर उद्या..."

"म्हणजे मी नसताना दाखवणार होतीस."

"चेहरा पुसलाय गं. कोणाला कळणारही नाही."

"दुसऱ्या दिवशीचा तास कुठे गेला, बारके?"

तिने इकडेतिकडे बघितलं, मला भिंतीकडे घेतलं. "ऐक ना. माझ्या मार्गदर्शकांनी प्रबंधातलं हे प्रकरण दोनदा परत पाठवलं. म्हणाले, निष्कर्ष ठाम हवा. इतक्या शिक्षकांचं चित्रीकरण केलं आणि एकही परत वळला नाही, असं म्हटलं तर ते ठाम होतं."

"पण एक वळली होती. तू समोर बसली होतीस. रडली होतीस."

"एकीनेच ना, वहिनी. एवढ्या सगळ्यांत एक."

"अगं, 'एकही नाही' हे खोटं ठरवायला एकच पुरतं. हे तुला मी शिकवलंय, भाजी चिरताना."

बारकीने मान वर केली. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "म्हणूनच तर काढून टाकला."

चूक झाली असती, विसरली असती, वेळ नव्हता म्हणाली असती, तर मी गिळून टाकलं असतं. घरचं माणूस आहे. आपलेच दात नि आपलेच ओठ. पण तिने गणित अचूक सोडवलं होतं. कुठली पायरी पुसली की उत्तर जुळतं हे तिला बरोबर कळलं होतं.

"आत्ता काही बोलू नकोस, पाया पडते," ती म्हणाली. "पुढच्या लेखात तुझा दुसरा दिवस नक्की घेते." आणि ती आत गेली.

चहानंतर पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: 'एकही शिक्षक परत वळला नाही.' लोक ते वहीत उतरवून घेऊ लागले. माझ्या टेबलावरच्यांनीही उतरवलं. मी हात वर केला.

पहिल्या रांगेतले मार्गदर्शक मागे वळले. "हां, बोला. आपण?"

"त्या तासातली बाई मीच," मी म्हणाले. "मी दुसऱ्या दिवशी परत वळले होते. मुलांसमोर चूक कबूल केली होती, आणि तिची रीत दरवेळी येते हे मुलांनीच सिद्ध केलं होतं. त्या दिवशीही कॅमेरा होता." मी हिची वहिनी आहे, हे मात्र घशातच ठेवलं. ते तिने सांगावं, असं मला अजून वाटत होतं.

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मी बारकीकडे बघत होते. तिने पाण्याचा घोट घेतला.

"स्वतःचा तास पडद्यावर बघताना शिक्षक बचावाच्या पवित्र्यात जातात," ती सभागृहाला म्हणाली. "हे स्वाभाविक आहे. माझ्या अभ्यासात हे वारंवार दिसलं आहे. धन्यवाद, बाई. बसा आपण."

बाई! बसा आपण! नववीपासून मला कधी 'तुम्ही' न म्हटलेली पोरगी. मार्गदर्शकांनी मान हलवली आणि काहीतरी टिपून घेतलं, बहुधा तिने प्रसंग छान सांभाळला असं. टायवाले सर माझ्याकडे बघायचं टाळत कागदाची सुरळी करू लागले. मी कंपाससरांकडे वळले. त्या दिवशी बाकांचा आवाज ऐकून ते धावत आले होते, त्यांनी फळ्यावरचे १५/८ स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. ते मूग गिळून बसले. हात दोन गुडघ्यांत दाबलेले, नजर पडद्यावर. पुढचा फळा आपला तर नाही ना, हे ते बघत होते.

मी बसले. त्या वेण्यांच्या मुलीला त्या दिवशी किती खाली बसावं लागलं असेल, ते मला तेव्हा नीट कळलं.

कंपाससरांचा तास दाखवला नाही. बाहेर पडल्यावर सर बराच वेळ माझ्या बरोबरीने चालत राहिले. मग म्हणाले, "बाई, मी बोलायला हवं होतं."

मी भरभर चालू लागले.

"माझं तेवढं पुसून टाकायला सांगाल का तिला? ती सिद्धता कॅमेऱ्यासमोरही पुन्हा अडली होती... मी निवृत्त होतोय हो."

घरी पोचायच्या आधी बारकीचा फोन सासूबाईंना येऊन गेला होता. त्या दारातच उभ्या होत्या. "पोरीचं आयुष्य मार्गी लागतंय, तू भर सभेत तिला आडवी गेलीस म्हणे?" नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "पण चेहरा दिसत नव्हता ना?" एवढंच त्याने विचारलं. मी म्हणाले, नाही दिसत. "मग झालं तर," तो म्हणाला आणि आवाज पुन्हा वाढवला.

मी बारकीला फोन केला. माझं राहू दे, म्हटलं, पण बाकीच्यांची चित्रं पुसून टाक, त्यांनी माझ्या शब्दावर दार उघडलं होतं. ती थकल्यासारखी म्हणाली, "वहिनी, ते आता माझ्या हातात नाही. सगळं विद्यापीठाच्या विभागात जमा झालंय. आणि तू जरा शांत हो, आपण नंतर बोलू." बोललो नाही. पुढे यथावकाश तिला पीएचडी मिळाली. सासूबाईंनी घरात सगळ्यांना गोड वाटलं, मला दोनदा दिलं.

प्रशिक्षणानंतरच्या पहिल्याच शनिवारी बैठकीला कोणी येणार नाही असंच मी धरून चालले होते. तरी किटली भरली, कप मांडले. कोणी आलं नाही तर निदान रडता तरी येईल, असं काहीसं मनात होतं. 

पण सगळे आले. अगदी एकूणएक. योगायोगबाई हे नाव सगळ्यांपर्यंत पोचलेलं होतं, ते त्यांच्या जास्तीच्या आदबीवरून दिसत होतं. कोणी माझा कान धरला नाही. कोणी तुमच्या नणंदेचं काय, असं विचारलं नाही. कान धरला असता तर बरं झालं असतं. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी सुरुवात केली. त्यांनी त्रैराशिक शिकवलं होतं, मुलांना फार आवडलं. मग दुसऱ्या सरांनी सांगितलं की त्यांचा आलेखांचा तास उत्तम रंगला, मुख्याध्यापकांनीही कौतुक केलं. कंपाससरांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले की वर्तुळाची प्रमेयं यंदा मुलांना पटापट कळतायत, काही अडचण नाही.

सगळ्यांचेच तास छान झाले होते. मी प्रत्येकाला चहा दिला.

शेवटी माझी पाळी आली. आदल्याच दिवशी दशांश चिन्हावरून मी मुलांसमोर अशी अडखळले होते की खडू खाली पडला होता. सगळे माझ्याकडे बघत होते, मायेनेच बघत होते, आणि मी काय सांगते याची वाट बघत होते.

"माझाही छान झाला," मी म्हणाले.